प्रेमराज नानाची जीप आणि अक्काची घागर

अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी आमचे शेजारी प्रेमराज नाना गिरणेच्या वाळूत अनवाणी फिरत होते. हातात बाभळीची काठी, धोतर गुडघ्याच्या वर, आणि नजर अशी खाली की जणू बायकोचं जोडवं पडलंय. चार पावलं चालायचे, काठी खुपसायचे, ती किती आत जाते ते बघायचे, पुन्हा चार पावलं. मी काठावर दात घासत उभा होतो. राहवलं नाही.

"नाना, काय हारपनं?"

"तुनी अक्कल," नाना वर न बघता म्हणाले. "दख बरं, तठे काठवर सापडस का."

आता नाना नदीत काय करत होते हे सांगायचं तर आधी त्यांच्या जीपबद्दल सांगावं लागेल. साक्रीच्या बाजूला एका लाकडाच्या ठेकेदाराकडे ही जीप होती. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचणारी, डोंगरात लाकडं ओढून म्हातारी झालेली. नानांनी ती घरी आणली तेव्हा नानांची बायको मंजुळावहिनी दारात हात कमरेवर ठेवून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "म्हातारीला म्हातारा शोधला का म्हाताऱ्याला म्हातारी?" हे वाक्य मी गावात पोचवलं. त्यात माझी काही चूक नाही, इतकं चांगलं वाक्य भिंतीआड ठेवणं बरं नव्हे.

नानांची डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी नदीच्या पात्रात. उन्हाळ्यात गिरणा आटली की आमच्याकडे पात्र म्हणजे नुसती वाळू. वारा वाहून वाहून तिचे उंचवटे होतात, माणसाच्या छातीइतके, आणि आज इथे असलेला उंचवटा पुढच्या आठवड्यात तिथे. या वाळूतून डांगरं काढायची म्हणजे बैलांच्या तोंडाला फेस. नाना म्हणाले, जीपने काढतो. पहिल्या दिवशी जीप पोटापर्यंत रुतली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्यांदा ट्रॅक्टरने ओढली तेव्हा अर्धं गाव काठावर शेंगदाणे खात बसलं होतं, आणि पुढे बसून शेंगदाणे कोण वाटत होतं ते विचारू नका.

पण नाना चिकट माणूस. रुतून रुतून शिकले. वाळूत उतरायच्या आधी चारही चाकांची हवा सोडायची, चाक जमिनीवर फतकल मारून बसलं पाहिजे, कडक चाक वाळूला सुरीसारखं कापत खाली जातं. चारही चाकं जोडणारा गिअरचा दांडा काठावरच टाकायचा, रुतल्यावर टाकून काय उपयोग. एकदा निघालं की एका चालीने जायचं. ब्रेक दाबायचा नाही, जोरही करायचा नाही. उंचवटा तिरपा चढायचा नाही, सरळ नाकासमोर चढायचा आणि सरळ उतरायचा, नाहीतर गाडी कुशीवर. आणि सगळ्यात आधी पायांनी चालून वाट बघायची, कारण वाळू काढणाऱ्यांनी पाडलेले खड्डे वाऱ्याने वरवर भरून जातात आणि डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून ते सकाळचं फिरणं. जिथे खड्डा सापडेल तिथे नाना काठी रोवायचे आणि तिला मंजुळावहिनींच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायचे.

त्या दिवशी मात्र डांगरं आणायची नव्हती. अक्काला आणायचं होतं.

सुंदरबाई अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, दिलेली पलीकडच्या काठावर. काठावर उभं राहिलं तर तिच्या गावचं मारुतीचं देऊळ दिसतं. अखाजीला लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो, हे आमच्या खान्देशात अजून कोणी मोडलेलं नाही. पण अक्काच्या खुब्याचं हाड मोडलं, जळगावला ऑपरेशन झालं आणि एक अखाजी हुकली. गेल्या वर्षी नाना भाड्याची कार घेऊन पुलावरून गेले. तो पूल दूर, वर रस्ता असा खणून ठेवलेला की धडधाकट माणसाची कवळी हातात यावी. निम्म्या वाटेत अक्का रडायला लागली. ही बाई नवरा गेला तेव्हाही लोकांसमोर रडली नव्हती. गाडी तिथूनच परत फिरवली. डॉक्टरांनी सांगितलं, आता धक्का बसता कामा नये, पुन्हा हाड सरकलं तर मग खाटच.

म्हणून नानांनी वर्षभर मनात धरलं होतं: रस्त्याने नाही, वाळूतून. वाळूत धक्के नाहीत. नाना म्हणायचे, लोण्यावरून आणीन. अक्कानेही निरोप पाठवला होता की यंदा आले तर आले, नाहीतर आई-बापाच्या नावाने पुजायची घागर आता तूच पुजत जा, माझी वाट बघू नको. हा निरोप आल्यापासून नाना नीट जेवत नाहीत, असं मला मंजुळावहिनींकडून कळलं होतं.

एकच अडचण होती. धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. कोरड्या वाळूतून ते पाणी पायी चालल्यासारखं येतं, वाळू पीत पीत. आमच्या गावापर्यंत संध्याकाळी पोचेल असं ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आलं होतं. एकदा पात्र भिजून फुगलं की आठवडेच्या आठवडे जीप घालता येत नाही. नानांचा हिशेब सरळ होता. सकाळी जायचं, दुपार कलायच्या आत परत.

"उखा, तूबी चाल," नाना म्हणाले. "कोणी तरी धक्का माराले पाहिजे."

अक्काच्या घरी आमरस असणार हे मला माहीत होतं. मी चप्पल घातली.

जाताना काही म्हणजे काही झालं नाही. हवा सोडलेल्या चाकांवर जीप बदकासारखी डुलत गेली, मधला मोठा उंचवटा सरळ चढली, सरळ उतरली. नाना त्या वेळी असे बसतात की मागून वाटावं देवळात बसलेत. मी दोन विनोद केले, एकावरही हसले नाहीत.

अक्काच्या घरी स्वागत जोरात. तिचा मुलगा हितेंद्र, धिप्पाड गडी, मामाच्या पाया पडला, जीपची किल्ली मागून घेतली, म्हणाला सावलीत लावतो. आम्ही जेवायला बसलो. आमरस, पुरणपोळी, वर तूप. अक्का समोर खुर्चीत बसून वाढायला सांगत होती आणि भावाला बोलत होती. वाळला काय, केस काय पिकले, बायको खायला घालते का नाही. नाना मान खाली घालून ऐकत होते. मी ऐकता ऐकता भिंतीला टेकलो आणि माझे डोळे मिटले.

जाग आली ती ओट्यावरच्या गडबडीने. जीप दारात उभी होती आणि ओळखू येत नव्हती. हितेंद्रने ती धुतली होती. बोनेटवर हळदीकुंकू, आरशाला आंब्याचा डहाळा. मागे गव्हाचं पोतं, ज्वारीचं अर्धं पोतं, कुरडयांची टोपली, पापडांची टोपली, आंब्यांची पाटी. माहेरी चाललेल्या बाईची गाडी रिकामी कशी पाठवायची? नानांनी पोती बघून तोंड वाकडं केलं, पण बहिणीच्या घरचं उतरवा म्हणणार कसे. अक्काला चौघांनी खुर्चीसकट उचलून पुढच्या सीटवर बसवलं. मग तिने हात पुढे केला आणि सुनेने तिच्या मांडीवर नवी कोरी लाल घागर ठेवली. त्यांच्या गावच्या कुंभाराची. आई-बापाची घागर याच कुंभाराची पाहिजे, आणि पूजेआधी तिला पाण्याचा थेंब लागता कामा नये, असा अक्काचा नियम.

हितेंद्र पोचवायला म्हणून मागे पोत्यावर बसला, शेजारी मी. नाना घाईत होते. उन्हाकडे बघत होते. उन्हाकडे बघितलं, चाकांकडे बघितलं नाही.

काठ उतरलो. पहिला सपाट भाग बरा गेला. पण जीप मघासारखी डुलत नव्हती. कडक वाटत होती, पोत्यावर बसलेलं माझं बूड सांगत होतं. मधल्या उंचवट्याच्या पायथ्याशी इंजिनाचा आवाज जड झाला. नानांच्या मानेवरची शीर मला मागून दिसली. निम्मा चढ चढलो आणि गाडी मंदावली. अशा वेळी पाय हलका सोडून उतारावरून सरळ मागे यायचं आणि पुन्हा चाल धरायची, हे नानांनीच मला शंभर वेळा ऐकवलेलं. पण शेजारी अक्का होती. ती फक्त "प्रेमा" एवढंच म्हणाली, आणि नानांनी घाबरून पाय दाबला.

चारही चाकं जागेवर फिरली. वाळूचे फवारे उडाले आणि जीप खाली बसली, म्हैस डबक्यात बसते तशी, आरामात.

नाना उतरले. पुढच्या चाकाला हात लावला. मग मागच्या. दगडासारखं टणक.

"हवा कोणी भरी?" इतका हळू आवाज नानांचा मी कधी ऐकला नव्हता.

हितेंद्र पोत्यावरून खाली आला. "मामा, मी भरी. चारी चाकं बसेल दिखनात. मामानी गाडी, अशी कशी धाडानी?"

  पोरगा पंक्चरवाल्याकडे जाऊन कौतुकाने हवा भरून आला होता. आमच्या मुलखात पाहुण्याच्या गाडीची हवा कमी दिसली तर मीही हेच केलं असतं, वर चहापाणीही पाजलं असतं.

"ट्रॅक्टर बोलाव," मी म्हणालो.

"ट्रॅक्टर मका घेऊन बाजार समितीत गेलाय," हितेंद्र म्हणाला. "संध्याकाळी येईल."

तेवढ्यात अक्काने वरच्या अंगाला हात केला. "ते काय शे रे पांढरं?"

नदी जिथे वळते तिथे वाळूवर बगळे उतरत होते. उडायचे, थोडं पुढे येऊन बसायचे. वर कावळे. नानांचं तोंड उतरलं. पाण्याचं तोंड कोरड्या वाळूतून येतं तेव्हा बिळांतले किडे बाहेर पळतात, आणि ते टिपायला पाखरं पाण्याच्या पुढे पुढे चालतात. पाणी संध्याकाळी यायचं होतं. पण गेल्या आवर्तनाची ओल वरच्या वाळूत अजून होती, तिने या वेळी पाणी कमी प्यायलं आणि ते लवकर आलं. हे ग्रुपवर कोणी टाकलं नव्हतं.

"अक्काला उचलून नेऊ," मी म्हणालो. "हितू पळत जाऊन खाट आणेल."

अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथेच थिजलो. "खाटवर झोपाडीसन माले माहेरले लई जाशात? तशी जासू एक दिन. पन ती माहेरले नही, उखा." मग भावाकडे वळून, "प्रेमा, तू आणाले उना ना? मंग आण."

नानांनी वाळूत वाहून आलेल्या बाभळीच्या फांदीचे काटे मोडून आमच्या हातात दिले. हवेच्या नळीचं टोपण काढायचं आणि आतली सुई काट्याने दाबून धरायची. तिघं तीन चाकांपाशी बसलो, चौथ्याची पाळी शेवटी. हवा सुटायचा तो सूं आवाज एरवी ऐकू येऊन संपतो. त्या दिवशी संपतच नव्हता. मी काटा दाबून धरला होता आणि बगळे मोजत नव्हतो, नुसते बघत होतो. ते उडाले, पुढे बसले. पुन्हा उडाले.

"बठ्ठं उतारा," नाना म्हणाले.

गहू उतरला, ज्वारी उतरली. कुरडयांची टोपली उतरवताना अक्का म्हणाली, "अरे, त्या तरी." नानांनी ऐकलं नाही. मी आणि हितेंद्रने आंब्यांच्या पाटीने चाकांपुढची वाळू उपसली, पोती रिकामी करायला वेळ नव्हता म्हणून पाटीखालचं गोणपाट फाडून मागच्या चाकांपुढे टाकलं. नाना बसले, हळूच चाल दिली. जीप हातभर वर आली. हातभरच. पुढची वाळू रव्यासारखी कोरडी, चाकाखालून वाहून जायची. पुन्हा तिथेच.

नाना उतरून वाळू मुठीत घेऊन बघत होते. "ओली पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले. "नुसती ओली. मंग धरस."

ते खरं होतं. ओलसर वाळू पायाखाली कशी घट्ट लागते हे नदीकाठचं पोरही सांगेल. पण पाणी पिऊन टम्म फुगलेली वाळू माणसाला धरून बसते. ओली हवी होती आणि बुडालेली नको होती, आणि दोन्हींमध्ये ते बगळे तेवढं अंतर. पाणी तर समोरून चालत येत होतं. ते आणायला भांडं नव्हतं. पाणी प्यायची बाटली मी जेवणाच्या जागी विसरलो होतो.

अक्काने मांडीवरची घागर उचलून दाराबाहेर धरली.

नाना म्हणाले, "अक्का, पूजानी शे ती."

"घागर पानी भराकरताच ऱ्हास ना? उद्या भरतू, ती आज भर."

घागर माझ्या हातात आली. नाना आणि हितेंद्र वाळू उपसणार, म्हणजे पाण्याकडे पळायचं मी. शहाणी माणसं पाण्यापासून पळतात, आमरस खाल्लेला मी पाण्याकडे पळत होतो. वळणापाशी ते दिसलं. पाणी म्हणावं असं नव्हतंच. फेस, बाभळीच्या शेंगा, शेणाच्या गोवऱ्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, असा एक कचऱ्याचा पट्टा सरकत होता आणि त्याच्या खालून वाळू पाणी पिताना फुसफुसत होती. शंभर साप बसल्यासारखा आवाज. मी वाकून घागर भरली, खांद्यावर घेतली. परत पळताना चप्पल एक वाळूत गेली, ती मी मागून घेतली नाही.

पहिली घागर डाव्या चाकांच्या वाटेवर, दुसरी उजव्या. नाना पसा भरभरून शिंपडत होते, अंगणात सडा टाकावा तसे, वाया जाऊ न देता, चाकापासून उंचवट्याच्या माथ्यापर्यंत. तिसऱ्या घागरीला मला लांब जावंच लागलं नाही. पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी आलं होतं आणि दोन्ही बाजूंनी फाकून पुढे चाललं होतं. आमच्या काठापुढे जो खोलगट भाग होता, तिकडे.

"मागे बसू नका," नाना म्हणाले. "पळत या." मी अर्धी भरलेली घागर अक्काच्या मांडीवर ठेवली. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

नानांनी चाल दिली. ना जोर, ना घाई. चाकं एक क्षण थरथरली आणि मग ओल्या वाळूने धरलं. जीप चढायला लागली, इतकी हळू की ओरडावंसं वाटत होतं. माथ्यावर पोचली. नाना थांबले नाहीत, सरळ नाकासमोर खाली उतरले. आम्ही मागून धावतोय. खाली खोलगट भागात पाणी पसरलं होतं, सकाळची चाकोरी त्याखाली गेली होती. काठावर मंजुळावहिनी उभ्या होत्या, त्यांनीही बगळे बघितले होते. त्या डावीकडे हात करून ओरडत होत्या, डावीकडे कोरडं दिसत होतं. मलाही कोरडं दिसत होतं. मीही ओरडलो, "नाना, डावीकडून."

नाना डावीकडे वळले नाहीत. समोर पाण्यातून एक काठी वर आली होती, लाल चिंधीची. तिच्या डाव्या अंगाला, त्या छान कोरड्या दिसणाऱ्या वाळूखाली, सकाळी सापडलेला खड्डा होता. नानांनी काठी डाव्या हाताला ठेवली आणि पाण्यातून गेले. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. जीपने एकदा मागचा भाग हलवला. अक्काने घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली. नानांचा पाय हलला नाही, मानही हलली नाही.

मग पुढची चाकं काठाच्या मातीवर लागली आणि जीप वर आली.

हितेंद्र आणि मी पोटरीभर पाण्यातून, एकमेकांना धरून, काठाला लागलो. मागे वळून बघितलं तर उंचवट्यावर गव्हाचं पोतं एकटं बसलं होतं. थोड्या वेळाने कुरडयांची टोपली तरंगत खाली गेली.

नाना स्टिअरिंग सोडत नव्हते. मंजुळावहिनींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. अक्का म्हणाली, "धक्का नही लागना रे." बस, एवढंच. नानांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. ते बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी अखाजीला घागर पुजली. आदल्या दिवशीचंच पाणी, वर नानांच्या वाडीतलं डांगर. घागरीच्या पोटावर माझ्या खांद्याच्या घामाचा डाग होता, तो अक्काने पुसू दिला नाही. मी म्हणालो, अक्का, निदान एक दिवस तरी माझी पूजा झाली. ती म्हणाली, तुझी नाही, घामाची.

गिरणा महिनाभर वाहत राहिली. रस्ता तसाच खणलेला, वाळू फुगलेली, जीप घालायची सोय नाही. त्यामुळे अक्का महिनाभर माहेरी राहिली. तिने मंजुळावहिनींचा स्वयंपाक बिघडवला, माझ्या बायकोला भाजी चिरायला शिकवली, आणि रोज संध्याकाळी कुरडयांचा विषय काढला. दोन घरांतलं वातावरण असं तापलं होतं की मला ऐकायला दोन कान पुरेनात. धरण सोडणाऱ्यांना गावात सगळे शिव्या देत होते. नाना रोज सकाळी काठावर जायचे, पाणी अजून आहे ना ते बघायचे, आणि परत येऊन अक्काच्या शेजारी न्याहारीला बसायचे.